बुजवलेली भिंत

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेक चाळिशीची, हातात छोटा व्हिडिओ गेम.

“किती वेळ त्या भिंतीला धडका मारतेयस गं?”

“आई, हा आमचाच जुना गेम. टीव्हीला जोडून खेळायचो ना, तोच. आता नव्यानं काढलाय, हातात मावेल असा. दादा गेल्यावर पहिल्यांदाच खेळतेय.”

“मग जा की पुढे.”

“जुन्यात या भिंतीत गेम बनवणाऱ्यांची एक चूक राहिली होती. दादाचा तलवारवाला बरोबर इथूनच आत घुसायचा. म्हणायचा, तू थांब, मी आलोच.”

“आणि तू बोंब ठोकायचीस, दादा भिंतीत गेला! हातातलं काम टाकून धावायचे मी.”

“ती चूक सुधारलीय त्यांनी. भिंत पक्की केलीय.”

“मेले! कुणी सांगितला होता यांना नसता शहाणपणा?”

“बाकी सगळं आहे गं. तलवार तर किती चमकते, बघ.”

“आण इकडे. कुठलं बटण दाबायचं?”

“आई, नाही उघडत ती भिंत.”

“नसू दे. आलोच म्हणाला होता ना? मी थांबते इथं. तू जा, दात दाखवून ये.”