साबण कारखान्याचं नाक

...आणि वर ती डॉक्टरीण मला विचारते, "काका, हे नाक असंच होतं का हो पहिल्यापासून?" असंच म्हणजे? अहो बाई, असंच म्हणजे कसं? तुम्हाला सांगतो, साधं नाक नाही हे! आजोबांचं नाक, वडिलांकडून माझ्याकडे आलं आणि माझ्याकडून थोरल्या लेकीकडे गेलं... ती आरशासमोर रडली होती म्हणा, पण ते असू दे.

मी कपडे धुण्याच्या साबणाच्या कारखान्यात वास बघतो. नवा माल निघाला की पहिली वडी माझ्या टेबलावर. मी हुंगणार, मी मान हलवणार, मगच माल गाडीत! आणि दोन वड्यांच्या मधे काय करतो, माहितीये? कोपराच्या खळगीत, आपल्याच बाहीत नाक खुपसतो. स्वतःच्या शर्टाचा वास माणसाला येत नाही ना, म्हणून तिथे नाक कसं कोरं होतं, पाटी पुसल्यासारखं. मालक पाहुण्यांना सांगतात, "हे आमच्या कारखान्याचं नाक!" पाहुणे हात मिळवतात... नाकाकडे बघत.

आणि तेच बंद पडलं हो! सर्दी आली, सर्दी गेली, वास काही परत येईना. गुलाब नाही, लिंबू नाही, शेजाऱ्यांचं करपलेलं दूध नाही. महिने गेले! इकडे नवा साबण निघायच्या बेतात, आणि मालकांचे जावई सासऱ्यांच्या कानाशी. हे जावई मळाचं खातं बघतात, म्हणजे साबणानं मळ किती निघतो ते. "पप्पा, वासाचं मशीन मिळतं हो हल्ली. मशीनला सर्दी होत नाही!" ऐकलंत? माझ्या खुर्चीवर मशीन! झोप उडाली माझी.

म्हणून गेलो त्या डॉक्टरणीकडे. तिनं नाकात दिवा घातला, फोटो काढला आणि प्लास्टिकचं अर्धं कापलेलं डोकं पुढ्यात ठेवलं. म्हणाली, "काका, बाहेर दिसतं तो नुसता दरवाजा. खरं घर आत आहे." दरवाजा! तीन पिढ्या आम्ही दरवाजावर मिरवतोय! आत मधोमध पडदा, तो माझा वाकडा. दोन्ही बाजूंना हाडांच्या वळ्या, हवा गरम आणि ओलसर करायला. कपाळात पोकळ्या, गालांत पोकळ्या, डोळ्यांच्या मधे पोकळ्या, पार मागे खोलवर आणखी पोकळ्या. "म्हणजे डोकं रिकामंच की!" आमची ही शेजारून म्हणाली. हिला कोणी विचारलं होतं?

बरं, गालातल्या खोलीत पाणी साचतं, तर ते जायचं भोक कुठे? खाली? छे! वर, छताजवळ! आता मला सांगा, कुठला गवंडी न्हाणीघर असं बांधेल? आणि वास कुठे कळतो? एवढ्या मोठ्या नाकात, पार वर छताला, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यात! तिथवर हवाच पोचत नव्हती, वाटेत सूज. मी म्हटलं, बाई, आत काय हवं ते तोडा, पण दरवाजाला हात लावू नका. साधं नाक नाही हे!

झालं ऑपरेशन. सूज उतरली आणि गेलो कामावर. टेबलासमोर मालक, शेजारी जावई हाताची घडी घालून. नव्या साबणाची वडी उचलली, डोळे मिटले... आणि आला हो वास! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं नाही सांगत. म्हटलं, "लिंबू जरा जास्त पडलंय." मिश्रणवाला जीभ चावून म्हणतो, "पडलं खरं साहेब, हात हलला!" मालकांनी टेबलावर थाप मारली. जावयांचं तोंड बघायला हवं होतं! साधं नाक नाही हे!

त्याच तोऱ्यात दुसरी वडी घ्यायची म्हणून बाहीत नाक खुपसलं... आणि गार पडलो. बाहीला वास! महिनोन्‌महिने नाक बंद, सवय मोडलेली, म्हणून आज पहिल्यांदा कळला. समोरच्या कंपनीचा साबण! माझ्या शर्टाला! माझ्या नाकावर टिच्चून!

घरी गेलो ते तणतणत. "किती वर्षं चाललंय हे?"

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणते, "लग्न झाल्यापासून. तुमच्या साबणाला वास काय सुरेख आहे हो, कपाटात ठेवते मी कपड्यांमधे. पण मेला मळ निघत नाही त्यानं!"

वास सुरेख! ऐकलंत ना? बायको म्हणतेय, एवढी वर्षं संसार केलेली! म्हणजे माझं खातं चोख, आणि मळाचं खातं... जावयांचं! असा उठलो, म्हटलं आत्ताच्या आत्ता मालकांना जाऊन सांगतो! चपला घातल्या, दारापर्यंत गेलो...

आणि बसलो परत. सांगायचं तर बाही हुंगायला द्यावी लागेल ना!