हातातली पट्टी

वारलेल्या बाबांचा चष्मा दान करायला ती डोळ्यांच्या दवाखान्यात आली होती. शेजारच्या बाकावर विमानतळावरचे दोन हवाई वाहतूक नियंत्रक बसले होते, एक पोक्त काका आणि त्यांची सहकारी. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"काका, नव्या यंत्रणेच्या परीक्षेचं काय झालं?"

"दुसऱ्यांदा नापास. आता एकच संधी, नाहीतर कायमचा फायलींच्या टेबलावर."

"पण चुकलं कुठे?"

"विमान शेजारच्या नियंत्रकाकडे सोपवायचं होतं. मी सवयीनं, पूर्वी विमानाची माहिती लिहिलेली कागदी पट्टी द्यायचो तसा, हात पुढे केला, बटण दाबायचं राहिलंच."

"अहो, पडद्यावर सगळं दिसतं की!"

"दिसतं गं. पण पट्टी समोरच्यानं घट्ट धरली, की मगच मी सोडायचो."

"मग उद्याच्या परीक्षेत शेजारी मी बसते. तुम्ही बटण दाबा, मी मोठ्यानं 'घेतलं' म्हणते."

"परीक्षक ओरडेल."

"ओरडू दे. तोवर विमान माझ्याकडे आलेलं असेल."