दोन टोकांची वही

ट्युनिसच्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभी होती. एका जुन्या वहीच्या पानांचे फोटो ती मोबाईलवर दुकानदाराला दाखवत होती.

“मुनीरभाऊ, या सगळ्यांची एकच पीडीएफ करा. पुस्तकासारखी छापायचीय. एक ओळ इकडची तिकडे व्हायला नको.”

“नाही होणार. पहिलं पान कुठलं?”

“दोन आहेत. उजवीकडून बाबांचं अरबी, डावीकडून आईचं फ्रेंच.”

“मग दोन फायली करू?”

“तीस वर्षं एका वहीत जागेवरून भांडले ते. आता त्यांना वेगळं काढताय होय!”

“बरं बाई! अरबी पानं उलट्या क्रमानं लावतो. छापल्यावर कुठूनही उघडा. लिहायचे काय एवढं?”

“बाबा ऑलिव्हच्या झाडांचं, आई स्वयंपाकाचं. ‘तुमची झाडं माझ्या चुलीपर्यंत आली,’ म्हणायची.”

“पण फ्रेंचमधली ही शेवटची चार पानं कोणाची? अक्षर वेगळंय, चुका तर विचारू नका. गाळू?”

“नका गाळू. बाबांची आहेत ती.”

“त्यांना फ्रेंच यायचं?”

“नव्हतं येत. आई गेल्यावर शिकले. तिच्या बाजूची चार पानं कोरी राहिली होती.”