एकतीस मिनिटं उशिरा

पनवेलच्या एसटी स्टँडवर उरणच्या गाडीला रांग लागली होती. माझ्यापुढे एक म्हातारे कोळी आणि त्यांची कॉलेजात जाणारी नात होती. मोबाइल बघता बघता नात ओरडलीच.

“आजा, घेतली! आपली दुरुस्ती घेतली त्यांनी!”

“कुनी घेतली?”

“ते भरती-ओहोटीचं ॲप नाही का? ते सगळ्यांसाठी खुलं आहे, कुणीही चूक दाखवून सुधारू शकतं. त्यात आपल्या खाडीला मुंबईचीच वेळ लावली होती.”

“खाडीत पानी अर्धा तास उशिरा चढतं. मी कवाच बोललो व्हतो.”

“नुसतं बोलून त्यांना पटेना, पुरावा हवा होता. म्हणून मी पाणी मोजायचा डबा बनवून धक्क्याच्या खांबाला बांधला. आणि तू उधाणाच्या दिवशी तो सोडून वर बांधलास!”

“मंग? उधानाला आमी होडी पन वर घेतो. डबा बुडाला असता.”

“बुडण्यासाठीच बनवला होता! पुन्हा पहिल्यापासून महिनाभर मोजावं लागलं.”

“किती निगाला उशीर?”

“एकतीस मिनिटं.”

“बघ! मना डब्याबिगर म्हाईत व्हतं.”

“म्हणून तर तुझं नाव दिलंय.”

“माजं? वाच.”

“‘ही दुरुस्ती बुधाजी नाखवा यांच्या सांगण्यावरून.’”

“परत वाच.”

“‘ही दुरुस्ती बुधाजी नाखवा...’”

“जरा मोठ्यानं वाच ना, पोरी. रांगेत मागं ऐकू जात नाय.”