जावयानं आणलेली फळी

नाही, मला एक सांगा, जी वस्तू आणताना माणूस म्हणतो, "मामा, तोल ती सांभाळते, तुम्ही नुसते उभे राहा," तिच्यावर शहाण्यानं पाय ठेवावा का? पण जावयानं आणलेली! जावयाला नाही म्हणायची सोय आहे? दोन चाकं, मध्ये फळी, हँडल नाही, ब्रेक नाही... तुम्हाला सांगतो, मला तेव्हाच संशय आला होता!

म्हटलं, "जावईबापू, थांबवायची कशी?" तर म्हणतो, "सोप्पंय! पुढं झुकलं की पळते, ताठ झालं की थांबते." अहो, मी शिंपी! अख्खा जन्म मशीनवर वाकण्यात गेला, पाठीची कमान झाली, मी ताठ झालोय कधी? आणि चार्जिंगला लावली तर ही तापली, इस्त्रीसारखी! ही म्हणजे आमची बायको म्हणते, "नवीन आहे, तापणारच." हे कुठलं शास्त्र? मी गुपचूप शेजारी वाळूची बादली ठेवली, भडकली तर हाताशी असावी म्हणून, तर हिनं त्यात पुदिना खोचला! तुम्हाला सांगतो, मला तेव्हाच संशय आला होता!

पण मान ठेवायचा ना जावयाचा... चढलो. चढलो कसला, सुटलो! दुकानातून थेट गल्लीत! हा मागून ओरडतोय, "मामा, ताठ व्हा! ताठ व्हा!" अरे, कुठून होऊ? समोरून इस्त्रीवाला विचारतोय, "मास्तर, कुठं एवढ्या घाईत?" एक तर मला कमी ऐकू येतं, "काय?" म्हणून वाकलो... आणखी पळाली! शेवटी भिंतीनं थांबवलं. डोकं वाचलं, पण उजवं मनगट गेलं हो, कात्रीचा हात! ज्या हातावर घर चालतं, तोच प्लॅस्टरमध्ये. रडूच आलं मला, खोटं कशाला सांगू?

म्हटलं, संपलं, दुकान बसलं. तर हिनं कात्री उचलली! विचारलं नाही, सवरलं नाही, कराकरा कापायला लागली! काल वकिलीणबाई आल्या, आरशासमोर गोल गोल फिरल्या आणि म्हणतात, "अगंबाई, फिटिंग पहिल्यांदाच बरोबर बसलं!" पहिल्यांदाच? मग इतकी वर्षं काय बसत होतं? आणि ही... गालातल्या गालात हसतेय!

म्हटलं, "हात बरा झाला की मी बघतो." तर टेप गळ्यात टाकून म्हणते कशी, "घाई काय आहे? तोल मी सांभाळते, तुम्ही नुसते उभे राहा!"

उभा आहे. डाव्या हातानं बटणं लावतोय. संशय मला तेव्हाच आला होता हो... फक्त आला तो फळीचा!