सूनबाईनं धरलेला डाळिंबाचा बार

हसू नका राव, पण परवा सूनबाईनं ओव्हनात डाळिंबाचे 'बार' भाजले, म्हंजी गोड वड्या. तिकडं अवसरीच्या दत्तूच्या बागेत डाळिंबाचा बार, म्हंजी बहर, सारखा गळतोय. गडी पार खचलेला. मी लावला फोन.

"दत्तू, सूनबाईनं डाळिंबाचा बार अर्ध्या तासात धरला!"

"आयला! पाणी किती दिलं?"

"थेंब नाय. नुसतं लोणी."

"आन आधी पाणी तोडून झाडांना ताण कुणी दिला?"

"ताण काय, सासू देती की!"

संध्याकाळी दत्तूच्या बायकोचा फोन. "भावजी, ह्यांनी घरातलं समदं लोणी झाडांच्या बुडात घातलं. आन सासूबाईंना बागेत बसवलंय, झाडांना टोमणे मारायला!"

मी घाबरलो. म्हटलं, "वयनी, थट्टा केली व्हती. सांगतो त्याला."

"अजिबात सांगू नका! लग्नापासून पयल्यांदाच निवांत च्या पितीय."