लाल चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्षा श्रीमती व्हर्ना स्टकी, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती लोवेल हेंडरशॉट, आणि इंडियानाच्या या उकाड्यात दोन पंख्यांच्या भरवशावर बसलेल्या बंधुभगिनींनो,

आपल्या रेसगाड्यांचे गिअरबॉक्स लोवेलनी एकतीस वर्षं सांभाळले. तेल निवडावं तर त्यांनीच. जुनं तेल चिमटीत चोळायचे, वास घ्यायचे, मगच नवा डबा उघडायचे. मी मुख्य मेकॅनिक, म्हणजे कागदोपत्री त्यांचा साहेब. चारचौघांत म्हणायचे, "साहेब, हे तेल सॅलडवर घाला, गाडीत नको." हसा, हसा. तुम्हालाही म्हणाले असतील.

आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. पात्रता फेरीला पातळ तेल, त्यावर गाडी हलकी पळते. मग आत पातळ तेल आहे याची खूण म्हणून गिअरच्या दांड्याला लाल चिठ्ठी बांधायची. शर्यतीआधी जाड तेल भरायचं, आणि ज्याने भरलं त्यानेच चिठ्ठी काढायची. चिठ्ठी नसली की झाकण उघडून कोणी बघत नाही. बघणं म्हणजे त्या माणसाचा अपमान.

नऊ वर्षांपूर्वीचा जुलै आठवतो? आपला ट्रेंट पात्रता फेरीत तिसरा आला होता. चोवीस वर्षांचा ड्रायव्हर. माझ्या मनात आलं, पातळ तेलच राहू दिलं तर पहिला येईल.

लोवेल म्हणाले, "पोरा, ऐंशी फेऱ्या आहेत. डांबर तव्यासारखं तापलंय, या तेलाचं पाणी होईल. जाड भर."

"भरतो की. तुम्ही जेवून या."

ते जेवायला गेले. मी चिठ्ठी सोडून खिशात घातली आणि तेल तेच ठेवलं.

परत येऊन त्यांनी दांड्याकडे पाहिलं. "भरलंस?"

"भरलं."

बासष्टाव्या फेरीत गिअरबॉक्स जाम झाला, मागची चाकं अडकली आणि गाडी भिंतीवर गेली. ट्रेंट वाचला नाही. त्याची आई जिनीव्हा तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिच्यासमोर याहून जास्त सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी लोवेलनी ते तेल काढलं, चिमटीत चोळलं आणि माझ्याकडे पाहिलं. गाडीच्या मालकांनी विचारल्यावर एवढंच म्हणाले, "तेलाची जबाबदारी माझी." मी शेजारीच उभा होतो. बायको गरोदर आहे, नोकरी जाईल, अशी मनाची समजूत घातली. खरं सांगू? मी भ्यालो होतो. "म्हातारा विसरला," असं गावभर झालं, तेव्हा मीही मान डोलावली. शर्यतीच्या दिवशी जिनीव्हा सगळ्यांना सँडविच वाटते. लोवेलपाशी आली की पुढे जाते. नऊ वर्षं मी तिच्या हातचं खात आलो आहे.

गेल्या आठवड्यात धीर करून विचारलं, "का बोलला नाहीत?"

म्हणाले, "तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

समितीने हे घड्याळ त्यांना देण्यासाठी माझ्या हाती दिलं आहे. ते देण्याची माझी लायकी नाही, अध्यक्षांनीच द्यावं. त्या दिवशी खिशात घातलेली ही लाल चिठ्ठी मी इथे ठेवतो. जिनीव्हा, तेल मी निवडलं होतं. लोवेल यांचा त्यात काडीचाही दोष नाही.

बोलू दिलंत, आपला आभारी आहे. भाषणात काही उणंअधिक झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. तेलाचं मात्र घालू नका.